नॅनोची वाट आणि प्रमिलाची रोवणी

"मी तुम्हाला मागून जरा ओढणार आहे. तोल सांभाळायचा, लागलं तर एखादं पाऊल मागे टाकायचं," डॉक्टर मॅडमनी प्रमिलाला नीट समजावून सांगितलं. मग तिच्या मागे उभं राहून दोन्ही खांदे धरले आणि हलकासा झटका दिला. प्रमिलाने पाऊल टाकलंच नाही. ती उभीच्या उभी मागे कलली आणि मॅडमनी तिला अलगद झेललं.

या तपासणीला पुल टेस्ट म्हणतात, म्हणजे ओढून पाहणं. त्याआधी बोटं आपटून दाखवणं, मनगट फिरवणं, खोलीभर चालणं, सगळं झालं होतं. दुसरं काही नाही ना, हे पाहायला एमआरआयही काढला होता. मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पार्किन्सन्स डिसीज आहे."

मी घाबरलो. पण घाबरता घाबरता डोक्यात भलताच विचार आला. माझी बायको जन्मभर मागे मागे चालत आलेली बाई आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी बाया करतात, कमरेत वाकून, मागे सरकत. पायाखाली चिखल आणि मागे काय आहे ते दिसत नाही. असं इतकी वर्षं केलं आणि ती पडल्याचं मला आठवत नाही. तीच बाई नागपूरच्या स्वच्छ फरशीवर एवढ्याशा झटक्याने कलंडली होती.

मॅडमनी समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालींचा कारभार त्याच्यावर चालतो. ते बनवणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू मरतात. हात थरथरतो, अंग ताठतं, चाल मंदावते. आजार मुळातून बरा होत नाही, पण गोळ्यांनी बरीच वर्षं आटोक्यात ठेवता येतो.

प्रमिलाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मले रोवणी करता येईन का?"

मॅडमना वाटलं, मजुरीची काळजी आहे. मीच खुलासा केला. माझं आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो, पोटापाण्याला कमी नाही. जवळच्या गावात घरचं शेत आहे. तिथली पहिली मूठ प्रमिला रोवते आणि मग शेवटची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, होईपर्यंत बायांच्या ओळीतून हलत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हेच. दुकानदाराची बायको म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री धरून बसणं तिला कधी जमलं नाही.

"औषध लागू पडलं तर येईल," मॅडम म्हणाल्या. "बघू."

रोग खरं तर आधीपासून खुणा करत होता, आम्हाला त्या कळल्या नाहीत. आदल्या रोवणीत गीताबाई, म्हणजे आमच्या रोवणीवाल्या बायांची म्होरकी, प्रमिलाला म्हणाली होती, "वयनी, दाट काऊन लावून राहिल्या?" मीही पाहिलं. तिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकमेकांना खेटून लागले होते. मॅडमनी सांगितलं की या आजारात हालचाल आखूड होत जाते, लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर बारीक होतं. प्रमिलाचं अक्षर म्हणजे तिची रोवणीच होती.

दुसरी खूण तिच्या चेहऱ्यावर होती. तिचं हसणं थांबलं होतं. मी काही बोललो तरी चेहरा कोराच. मला वाटलं, माझ्यावर रुसली आहे. कशावरून रुसली याचा खूप शोध घेतला, गोंदियाहून साडी आणली, तिला न विचारता टीव्ही बदलला. काही उपयोग झाला नाही. शेवटी कळलं की याला मास्क्ड फेस म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू ताठतात आणि मनातलं तोंडावर येत नाही. आत हसू येतं, बाहेर दिसत नाही. तिच्या थरथरणाऱ्या हातापेक्षा हे हरवलेलं हसू मला जास्त लागलं.

गोळी सुरू झाली. लेव्होडोपा तिचं नाव. मेंदूत गेली की तिचं डोपामिन होतं. जीव भांड्यात पडावा असा गुण आला. प्रमिला भराभर चालू लागली, भाकरी थापू लागली, त्या वर्षी रोवणीलाही उतरली. मी मॅडमना फोन करून सांगितलं आणि दुकानात पेढे वाटले.

पुढच्या वर्षी गाडी घसरली. गोळीने सुरुवातीला मळमळायचं, म्हणून मॅडमनी सोबत एखादं बिस्किट चालेल असं सांगितलं होतं. बिस्किटाचं हळूहळू जेवण झालं, कारण रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिचं वजन उतरलं, तेव्हा देवरीला दिलेली आमची मुलगी सीमा प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आली. गावच्या डॉक्टरांनी रक्त वाढायला लोहाचं टॉनिक दिलं. आणि प्रमिलाला गिळायला वेळ लागू लागला होता.

एक दिवस ती वैतागून म्हणाली, "चार चार डाव कायले गिळत राहू जी? फवारनीवानी एकाच पंपात मारून टाका ना."

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे किडीचं औषध, करप्याचं औषध आणि वरून टॉनिक, असं सगळं एकाच पंपात मिसळून फवारायची पद्धत आहे. मजुरी एकदाच लागते, पाठीवर ओझं एकदाच घ्यावं लागतं. आम्हा दोघांनाही ते पटलं. त्या दिवसापासून एका ग्लासात दूध, प्रोटीन पावडर, लोहाचं टॉनिक आणि कुटलेली गोळी असं सगळं ढवळून मी तिला देऊ लागलो. ती एका दमात प्यायची. आमचं सगळं कसं छान चाललं होतं.

फक्त प्रमिला बिघडत चालली होती. गोळी लागू असते त्या वेळेला ऑन म्हणतात, उतरते त्या वेळेला ऑफ. तिचा ऑफच दिवसभर चालायचा. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे. साडी मी नेसवू लागलो, वेणी मी घालू लागलो. माझी वेणी पाहून सीमा हसायची आणि मग आत जाऊन रडायची.

त्या वर्षीची रोवणी प्रमिलाने धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहिली. छत्री मीच धरली होती. पहिली मूठ गीताबाईने रोवली. प्रमिलाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं की तिने मनावर घेतलं नाही. मी तिच्या बाजूला उभा होतो. तिच्या मांडीवर दोन्ही हात पऱ्हे धरल्यासारखे मिटलेले होते.

त्याच दिवसांत सीमाने फोनवर व्हिडिओ पाठवला, नॅनो कणांनी मेंदूचे आजार बरे होणार. नॅनो शब्द माझ्या ओळखीचा. दुकानात नॅनो युरियाच्या बाटल्या फळीवर आहेत. गोणीऐवजी बाटली, कण इतके बारीक की पानाच्या छिद्रातून आत जातात, असं मी दिवसातून दहा जणांना सांगतो. म्हटलं, पानात शिरतं तर मेंदूत का नाही शिरणार. माझ्या मनाने घेतलं की प्रमिलाचा इलाज निघाला आहे, आपल्यापर्यंत पोचायचा राहिला आहे.

असल्या आशेचा वास लोकांना लगेच लागतो. एका माणसाचा फोन आला, त्याच्याकडे मेंदूचे नॅनो थेंब होते. जिभेखाली टाका, बाकी गोळ्या बंद करा, गुण शंभर टक्के. मी मागवणारच होतो. पण मी स्वतः विकणारा माणूस आहे. शंभर टक्के गुण सांगणारा कंपनीचा एजंट मी काउंटरवरून परत पाठवतो, तो घरात कसा घेऊ? म्हटलं, आधी मॅडमना विचारू.

सकाळची गाडी धरून नागपूर गाठलं. वेटिंग रूममध्ये बसलेले सगळे आमच्यासारखेच, कोणाचा हात हलतोय, कोणाची मान. आमचा नंबर लागला तसं मी बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, नॅनो आहे का तुमच्याकडे?"

मॅडम हसल्या, पण चेष्टेने नाही. कागदावर एक वर्तुळ काढून त्यांनी समजावलं. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची एक भिंत असते, तिला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. रक्तातलं विष मेंदूत जाऊ नये म्हणून निसर्गाने ती घातली. अडचण अशी की ती औषधांनाही अडवते. म्हणून शास्त्रज्ञ औषध अतिसूक्ष्म कणांत भरून पाहताहेत. कोणी चरबीचे कण करतं, कोणी विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, कोणी सोन्याचेसुद्धा. काही जण नाकाच्या वाटेने ते थेट मेंदूकडे पाठवू बघतात. "काम खरं आहे आणि मला त्याची आशा आहे," त्या म्हणाल्या. "पण बरंचसं अजून उंदरांवर चाललंय. माणसांवर अगदी थोडं, तेही सुरुवातीचं. आज मी लिहून द्यावं असं काही नाही. ते थेंब घेऊ नका."

माझं तोंड उतरलं असावं. मॅडमनी विषय बदलून विचारलं, "सध्याची गोळी कशी देता?"

मी अभिमानाने ग्लासाची सगळी कृती सांगितली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या दुकानातली सगळी औषधं एका पंपात चालतात का?"

"नाही," मी म्हणालो. "काही फाटतात. आधी बाटलीत थोडं मिसळून पाहावं लागतं."

हे मी रोज लोकांना ओरडून सांगतो.

मॅडमनी त्या वर्तुळाला एक दार काढलं. लेव्होडोपा ज्या दाराने मेंदूत जाते, त्याच दाराने प्रोटीनचे तुकडेही जातात. आतड्यातही तशीच गर्दी होते. दूध आणि पावडर सोबत दिली की सगळे एकाच वेळी दाराशी येतात आणि गोळी बाहेर ताटकळते. लोह तर तिला पोटातच धरून ठेवतं. "तुमच्या बायकोचा आजार वाढलाय का, ते मला अजून माहीतच नाही," त्या म्हणाल्या. "कारण औषध तिच्या मेंदूत पुरतं पोचतच नाहीये."

प्रमिला हळू, जड आवाजात म्हणाली, "म्हनजे मीच फाटवलं."

"तू नाही, आपण," मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, कोणीच नाही, आम्हीही दर वेळी विचारायला हवं होतं. त्यांचं हे बोलणं मी विसरणार नाही.

त्यांनी एक रात्र भरती करून घेतलं. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी देऊन पाहायची होती. त्या दुपारी मी हट्टच धरला की नॅनो निदान डोळ्यांनी पाहू द्या. मॅडमच्या ओळखीची एक प्रयोगशाळा जवळच होती. तिथे संशोधन करणाऱ्या एका मुलीने आमच्यासमोर छोटी काचेची कुपी धरली. आत निळसर पांढरं पाणी होतं. फवारणीचं औषध बादलीभर पाण्यात ओतलं की पाणी जसं दुधाळ होतं, अगदी तसं. एवढ्या लांबून आलो आणि माझ्याच दुकानातली बादली निघाली. त्यात चरबीचे कण होते, डोळ्यांना न दिसणारे, आणि प्रत्येकाच्या पोटात औषध.

"किती वर्षं लागतील?" मी विचारलं.

"काका, आमचं उंदराच्या मेंदूपर्यंत पोचलंय. माणसापर्यंत कधी पोचेल, पोचेल की नाही, मला खरंच माहीत नाही."

मला ती मुलगी आवडली. तिच्या कुपीवर माझा विश्वास बसला तो ती माहीत नाही म्हणाली म्हणून.

प्रमिलाची चौकशी निराळी होती. उंदराला हा आजार कसा होतो, तिने विचारलं. मुलगी ओशाळून म्हणाली, आधी आम्हालाच तो द्यावा लागतो, मग औषध देऊन पाहतो. प्रमिलाने कुपीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "बिचारा. मंग चालते का थो आता?"

"काही काही चालायला बघतात, मावशी."

सकाळी वॉर्डात नर्सने रिकाम्या पोटी गोळी दिली. मी खुर्चीवर बसून तिच्या उजव्या हाताकडे पाहत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग वेळ घालवायला म्हणून मी फणी घेऊन तिचे केस विंचरायला लागलो. माझ्या लक्षात आलं की तिची मान नेहमीसारखी ताठ लागत नाही. वेणीचे पेड घालणार तोच तिचा हात वर आला आणि माझ्या हातातली फणी तिने काढून घेतली.

"द्या इकडे. घोड्याची शेपटी करून ठेवता."

तिने स्वतःची वेणी स्वतः घातली, सैल आणि सावकाश, पण पूर्ण. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. नर्सने विचारलं, काका, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, आणि रडलो.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझं सांगणं आहे. ही गोळी जेवणाच्या किती आधी, कशाबरोबर, हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दूध, डाळ, पावडर बंद करू नका, अंगाला ती लागतात. फक्त गोळीची आणि त्यांची गाठ पडू देऊ नका. प्रमिलाची डाळ आता संध्याकाळच्या ताटात असते. घरात जे जे मिसळता ते न लाजता सांगा. आणि कोणी नॅनो म्हणून काही विकायला आलं, तर माणसांवर तपासलंय का, कोणी तपासलंय, एवढं विचारा. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आजार गेलेला नाही, हेही खरंच सांगतो. ऑन आता सकाळी चांगला मिळतो, दुपारपर्यंत उतरतो. पेशी मरायच्या थांबलेल्या नाहीत. नीट दिलेली गोळी दारातून आत जाते, पण आतलं घर ती वाचवू शकत नाही. ते काम जमलं तर पुढे कधीतरी त्या कुपीतल्या कणांना जमेल. दर खेपेला नागपूरला गेलो की आम्ही त्या मुलीला भेटतो. मी औषधाचं विचारतो, प्रमिला उंदराचं.

यंदा पाऊस वेळेवर आला. पऱ्हे तयार झाले तसं प्रमिलाने मॅडमना स्वतः फोन लावला. मॅडम आधी नाही म्हणाल्या. चिखल, त्यात मागे सरकणं, आणि पुल टेस्टला ती अजूनही डळमळतेच. मग म्हणाल्या, "गोळी लागू असताना, थोडाच वेळ. आणि मागे कोणीतरी धरून उभं पाहिजे."

आमच्याकडे पुरुष बांधीत चिखलणी करतो, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहतो, पण बायांच्या ओळीत उभा राहत नाही. शिवाय मी कृषी केंद्रवाला, धुऱ्यावरून सल्ले देणारा. त्या सकाळी प्रमिलाने उपाशीपोटी गोळी घेतली. तिचा हात मोकळा झाल्यावर आम्ही शेतावर गेलो, मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या मागोमाग चिखलात उतरलो. खांद्यावरचा दुपट्टा तिच्या कमरेला गुंडाळून दोन्ही टोकं हातात धरली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"भाऊजी, रोवायले आले का वयनीले चरायले सोडलं?" गीताबाईने विचारलं, आणि ओळीत आमच्यापुरती जागा केली.

प्रमिलाने पहिली मूठ रोवली. दुसरी, तिसरी. अंतर बरोबर होतं, फार दाट नव्हतं. मी तिच्या बोटांकडेच बघत राहिलो.

"सरका मांगं," ती म्हणाली.

मी सरकलो. ती एक पाऊल मागे आली. पुन्हा सरका म्हणाली, पुन्हा सरकलो. मागे चालणं इतकं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या वेळी माझा पाय रुतला, दुसरा निघेना, आणि मी दोन्ही टोकं सोडून चिखलात बदकन बसलो.

सगळी ओळ थांबली. मला माझं काही नव्हतं, प्रमिलाच्या मागे आता कोणी नाही एवढंच दिसत होतं. ती डळमळली. मग उजवा पाय उचलून मागे ठेवला, डावा त्याच्या बाजूला आणला आणि सरळ उभी राहिली. कोणी धरलं नव्हतं.

तिने मान वळवून मला पाहिलं. कमरेपर्यंत चिखल, चष्मा कुठेतरी गेलेला. आधी तिचे खांदे हलले. मग ओठांचा एक कोपरा वर गेला, मग दुसरा, आणि कित्येक दिवसांनी माझी बायको तोंडभर हसली.

"त्या पोरीले फोन लावा," ती म्हणाली. "म्हना, तुह्या उंदराच्या आंधी मीच चालली."